तांब्यावरचा गिलास

वाचन-बिचन काय विचारून राहिला राव! पुस्तक उशाला पडलंय, सिरीज अर्धी राहिली. मुरुडच्या दोस्तानं गेमचा रिमोट दिला, त्यातच गुंतलो होतो. गेममध्ये आपण मेलो की तो रिमोट लई थरथरतो.

आता आमच्या लातुरात मोठा भूकंप पाहिलेली माणसं अजून सावध असतात. माझी आई टेबलावर पालथा तांब्या आन् त्याच्यावर गिलास ठेवते. जमीन हलली की गिलास पडतो, आपण पळायचं.

परवा दुपारी मी गेममध्ये मेलो आन् वैतागून रिमोट त्याच टेबलावर ठेवला. तो थरथरला, गिलास खाली! आईनं मला कॉलर धरून रस्त्यावर ओढलं. तिची ओरड ऐकून अख्खी गल्ली बाहेर.

"आई, गेम हाय तो!"

"आग लाव त्याला," आई म्हणाली. माझी कॉलर तिनं अजून सोडली नव्हती.

मलाच कसंतरी झालं. काल सकाळी रिमोट परत देऊन आलो.

संध्याकाळी आम्ही चहा पीत होतो. गिलास खणकन पडला. आई जागची हललीसुद्धा नाही.

"बंद कर तो खेळ," म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

"आई... रिमोट घरात न्हाई."