पांढऱ्या कापडावरचा सांधा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मुख्य अभियंता साहेब, आणि समोर बसलेले तिन्ही पाळ्यांचे माझे सहकारी,

बोलण्याआधी अध्यक्षांच्या परवानगीनं ही वस्तू टेबलावर उभी करतो. हातभर पाइप आहे, मधोमध वेल्डिंगचा सांधा, खालून बंद. त्यात हे पाणी ओततो. काठोकाठ. कापड पांढरं आहे, बघत राहा.

साहेब आत्ता हळूच म्हणाले, "काय रे, पंपघर इथंच आणलंस?" नाही साहेब, थोडंसंच आणलंय.

साहेबांचे गुण मगाशी तिघांनी सांगितले. त्यांची सौंदर्यदृष्टी मात्र राहिली. तीन वर्षांपूर्वी नवा पंप आला, स्वतःच हवा काढून खालच्या टाकीतलं पाणी वर ओढणारा. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पंपाबरोबर आलेलं पुस्तक शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणारा पाइप आखूड असावा, टाकीपासून पंपापर्यंत सतत चढता असावा. मध्ये उंचवटा आला की तिथं हवा अडकते. मी मीटरला दोन सेंटिमीटर चढ धरून आखणी केली.

साहेब म्हणाले, "पाहुण्यांच्या वाटेत पाइप? दारावरून कमान काढ."

"साहेब, कमानीत हवा साठेल."

"पुस्तकं वाचायला मी आहे. तू नट आवळ."

आवळले. कमान देखणी झाली, खोटं का बोलू? पाहुण्यांसमोर बटण दाबलं, पंप पाऊण तास कोरडा घरघरला आणि त्याचं सील जळलं. साहेबांच्या सहीचा अहवाल आला: 'सांधा क्रमांक तीन हवा ओढतो. वेल्डरचा हलगर्जीपणा.' सक्शनची गळती डोळ्यांना दिसत नाही. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ठपका ठेवायला किती सोयीची, नाही का?

तो वेल्डर म्हणजे माझा थोरला भाऊ. एकोणतीस वर्षांची नोकरी त्या दोन ओळींत गेली. परवा घरातल्या लोखंडी खाटेचा पाय निखळला, तर दादा म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बोलव. माझे सांधे हवा ओढतात."

गेल्या महिन्यात दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता, तेव्हा मी कमान कापली आणि पाइप माझ्या आखणीप्रमाणे टाकला. पाहुण्यांना आता पाय उचलून जावं लागतं. पंप दोन मिनिटांत पाणी धरतो. टेबलावर आहे तो सांधा क्रमांक तीन. वर्कशॉपमध्ये पाण्याच्या चार किलो दाबावर दिवसभर ठेवला होता, थेंबही गळला नाही, पण तिथं साहेब नव्हते.

साहेब, आज पाचपर्यंत तुमची सही चालते. अध्यक्षांसमोरच्या कागदावर मी एकच ओळ लिहिली आहे: 'सांध्यात दोष नव्हता, कमानीची आखणी माझी होती.' अक्षर सुवाच्य आहे.

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली, आपण ती शांतपणे ऐकलीत, सगळ्यांचा आभारी आहे. माझ्या जिभेचं काही चुकलं असेल तर ते मोठ्या मनानं पोटात घाला.

अध्यक्ष महाराज, कापडाला जरा हात लावून बघा. कोरडं आहे ना? मग पेन साहेबांकडे सरकवा. दादा, शेवटच्या रांगेत काय बसलास, पुढं ये.