प्रशिक्षणाची एकच जागा

रेवसच्या धक्क्यावर मुंबईला जाणाऱ्या लाँचच्या रांगेत सिद्धेशच्या पुढे विद्यापीठाच्या कार्यालयातली दोघं उभी होती, निवृत्तीला आलेले गायकर काका आणि तिशीतली दीक्षा. त्यांचा आवाज चढला तसा सिद्धेशने कानातली गाणी बंद केली.

“काका, प्रशिक्षणाचं पत्र माझ्या नावाचं होतं.”

“होतं. साहेबांनी बदललं.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“तुझ्याच भल्यासाठी गं. जो शिकून येतो, त्याच्याच गळ्यात सगळं काम पडतं. तुझं पोर लहान हाय.”

“मला विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय?”

“मार्चमध्ये तुम्ही रिटायर होताय. मग हे संगणकावर निकाल लावायचं नवं काम करणार कोण?”

“मलाच बोलावतील मानधनावर. साहेबांनी शब्द दिलाय.”

“अस्सं!”

“अस्सं काय? दुसऱ्या कुणाला येतं का ते?”

“येईल कसं? त्याची आजवरची पाचही प्रशिक्षणं तुम्हीच केलीत. शिकायला शेजारी बसले, तर पासवर्ड टाकताना म्हणायचात, ‘जरा तिकडं बघ.’”

“नियम हाय तो.”

“मान्य. पण टाकून झाल्यावर ‘आता इकडं बघ’ असं एकदाही म्हणाला नाहीत.”

लाँच धक्क्याला लागली. रांग हलली, काका हलले नाहीत.

“तू घरी जा. सोमवारी बोलू.”

“घरी कशाला? मीही तिकीट काढलंय. काल प्रशिक्षणाच्या मॅडमना फोन केला होता.”

“काय म्हणाल्या?”

“खुर्ची मिळणार नाही म्हणाल्या. तुमच्या मागं उभी राहून बघेन.”