खोऱ्याचा हेल

(तालमीची खोली. परवा प्रयोग आहे. तालमीनंतर नटमंडळी खाली चहाला गेली आहेत.)

डॉक्टर : नाही ताई, नुसतं "बरं आहे" चालायचं नाही. माझ्या दवाखान्यात लोक "बरं आहे" म्हणतात आणि दाढ पार सडलेली निघते. मोकळं बोला.

ताई : बाई, मी पाहुणी. सकाळच्या बसनं आले, संध्याकाळच्या बसनं जाईन. मला कशाला तोंडघशी पाडता?

डॉक्टर : कारण नाटकातलं खोऱ्याचं बोलणं आम्हाला काकांनी शिकवलं, आणि या शहरात ते येणारे एकटे काका. काकांना तपासणार कोण? तुम्ही काकूंची थोरली बहीण, जन्म खोऱ्यात काढलेला. म्हणून मुद्दाम बोलावलं.

काका : विचारा, विचारा. आयुष्यभर विमा विकला. फुकट दिलेली ही पहिलीच गोष्ट, तिच्यावरही दावा दाखल होतोय.

डॉक्टर : काका, ती खुर्ची आधी खाली ठेवा. मघापासून एकच खुर्ची खोलीभर हिंडवताय.

काका : आणि तुम्ही मनगटावरचं घड्याळ गरागरा फिरवताय, त्याचं काय?

ताई : ऐकू आलं.

डॉक्टर : म्हणजे?

ताई : मी शेवटच्या रांगेत बसले होते. शब्द न् शब्द ऐकू आला.

काका : घ्या! आणखी काय हवं?

ताई : तेच तर चुकलंय, भाऊजी. आपल्याकडे बोलणं इतकं ऐकू येतं कधी? अर्धं वाक्य माणूस गिळतो आणि उरलेलं पाठमोरं बोलतो. तुमचा चोर अंधारात शिरतो, घरमालकाकडे तोंड करतो आणि आपण चोरी करायला आलोय हे त्याला सावकाश समजावून सांगतो.

डॉक्टर : सगळ्यात मेहनती नट आहे हो तो. पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे.

ताई : असेल. पण नवरी तशीच, सासरा तसाच. सगळी एका आईची लेकरं वाटतात.

काका : हेल वर जातोच खोऱ्यात! मला सांगता? मी जन्मलोय तिथं.

ताई : हेल वर जातो, कोण नाही म्हणतंय? पण शेवटचा शब्द दोनदा कोण म्हणतं?

डॉक्टर : थांबा. ती खोऱ्याची पद्धत नाही? अहो, आईचं काम मी स्वतः करतेय. "जेवून घे, घे." "दार लाव, लाव." आता पेशंटलासुद्धा म्हणते, "तोंड उघडा, उघडा."

ताई : आणि ती दोन बोटं? जो तो बोलायच्या आधी समोरच्याच्या दंडाला दोन बोटं लावतो, तो वळून बघेपर्यंत थांबतो, मग ओठ मोठे करून बोलतो.

डॉक्टर : ती तर रीत ना तुमच्याकडची? वर्तमानपत्राला पाठवलेल्या मजकुरात मी तिच्यावर एक परिच्छेद लिहिलाय. "स्पर्शाची संस्कृती" म्हणून.

काका : मी असं कधीही सांगितलेलं नाही.

डॉक्टर : सांगितलं नाहीत. केलंत. आम्हा प्रत्येकाला, पहिल्या तालमीपासून. मघाशी "विचारा, विचारा" म्हणालात तेव्हाही माझ्या दंडाला बोटं होतीच.

काका : सवय आहे.

ताई : कशाची, भाऊजी?

काका : असते एकेकाला.

ताई : धाकटीला ऐकू येईनासं झालं तेव्हापासूनची. मी यायचे तेव्हा बघायचे ना. दोन बोटं लावली की ती वळायची. मग तुम्ही बोलायचात. शेवटचा शब्द पुन्हा, कारण शेवटच नेमका तिचा सुटायचा.

डॉक्टर : काकूंना ऐकू यायचं नाही?

काका : कमी यायचं.

ताई : भाऊजी, माझी बहीण होती ती.

काका : एका कानानं कमी यायचं. दुसऱ्यानं अजिबात नाही.

डॉक्टर : म्हणजे परवा रंगमंचावर आमची सगळी माणसं... काकूंशी बोलणार?

काका : तसं काही नाही.

डॉक्टर : तसंच आहे! आणि समोर तिकडून, खोऱ्यातल्या मंडळाची अख्खी बस येऊन बसणार. पुढच्या रांगा त्यांनी धरल्यात, आपलं बोलणं नाटकात ऐकायला म्हणून.

काका : मीच गेलो होतो त्यांच्याकडे. शब्द देऊन आलोय की डोळे मिटून ऐका, घरी बसल्यासारखं वाटेल.

ताई : हसतील. चोराला हसले तर हसू दे. पण नवरी निरोप घेताना बोटं लावते, तिथंही हसतील.

काका : तिथं कुणी हसता कामा नये.

डॉक्टर : मग बदलायला हवं. आज आणि उद्या, एवढंच हातात आहे.

काका : किंवा राहू द्या ना असंच. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतंय की.

डॉक्टर : काका!

काका : अहो, इथं बोट लावलं की माणूस वळून बघतो. ती गेल्यापासून घरी मी हात खिशात घालून हिंडतो. दुसरं काय करू?

ताई : भाऊजी, लग्नाआधी बोलायचात तसं बोला बघू. पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहून पाणी मागितलंत, आणि काय मागितलंत ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं. तसं.

काका : "पाणी मिळेल का, का..."

ताई : पुन्हा.

काका : "पाणी मिळेल..." नाही. येत नाही, ताई. गेलं. जगाच्या वस्तूंचा विमा उतरवला, याचा राहूनच गेला.

ताई : जाऊ दे संध्याकाळची बस. मी राहते. मी बोलेन, तुम्ही ऐका आणि त्यांना शिकवा.

काका : तुम्हीच शिकवा की थेट.

ताई : मी पाठमोरी पुटपुटणार, त्या बिचाऱ्यांना काय कळणार? तुमचं त्यांना कळतं.

काका : म्हणजे शिकवलेलं पुसायचंही मीच.

ताई : तुमच्याशिवाय कुणाला जमेल ते?

डॉक्टर : आली बघा मंडळी, जिन्यात आवाज येतोय. कुणापासून सुरुवात करायची? चोरापासून?

काका : तुमच्यापासून. लेकीला निरोप देता ते वाक्य. ताई, तुम्ही म्हणा आधी.

ताई : "निघालीस तर नीघ. दार मी..."

डॉक्टर : पुढे?

ताई : पुढचं गिळलं.

काका : आता तुम्ही, डॉक्टर. मी लेक. माझ्याकडे पाठ करा... हात. हात खाली.

डॉक्टर : आपोआप जातो हो.

काका : माहीत आहे. खाली घ्या.

डॉक्टर : पाठ करून, हात न लावता, आणि तेही अर्धंच. कळेल तिला?

काका : कळेल. तिला ऐकू येतं.