उजव्या हातात सुया

सही? कशी करू ताई, तुम्हीच बघा — उजव्या हातात दोन सुया, हात हलला की मशीन ओरडतं आणि मग सिस्टर माझ्यावर ओरडते. मागच्या बुधवारीही हेच सांगितलं ना? तेच. पोरीच्या रक्ततपासणीचा तो फॉर्म राहू द्या. स्टूल घ्या, बसा — अजून दोन तास मी कुठे पळतोय?

माझं रक्त घेतलंत तेव्हा कुरकुर केली का? नाही केली. आठवड्यातून तीनदा सगळं रक्त बाहेर फिरून येतं, त्यात तुमची एक नळी काय जड. मग निकाल आला — दोन-दोन. रक्तातलं ते कसलंसं प्रथिन, फुटलेल्या पेशींचा कचरा उचलणारं; दोन-दोनवाल्यांचं म्हणे कामचुकार. त्यात शुगर असली, वर हे डायलिसिस असलं, तर अशी माणसं लवकर जातात — डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, हळू सांगितलं की कमी लागतं असं त्यांना वाटतं. आमच्या सकाळच्या पाळीत दोन-दोनवाले चौघे होतो. त्या खिडकीपाशी मास्तर असायचे. पाणी बंद, म्हणून बर्फाचा खडा चोखत म्हणायचे, ‘आपण एकाच वर्गातले, पास कुणीच होणार नाही.’ आता त्या खुर्चीत कोण बसतं, मी विचारत नाही. बाकीचे दोघं — जाऊ द्या.

पोरगी? बाहेर बाकावर असेल. पंधरा वर्षांची आहे, चार वर्षं स्वतःच्या हातानं इन्सुलिन टोचून घेते, आणि माझी सुई बघताना मात्र तोंड फिरवते. निकालाचं घरी मीच बोललो — खाजवून खरूज काढली. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर चौकट आखली, बाबांकडून एक, आईकडून एक. म्हणाली, “बाबा, तुमचे दोन्ही तेच आहेत, म्हणजे तुमच्याकडून मला तेच आलंय. आईकडचं कुठलं, एवढंच बघायचं.” एवढंच. आई असती तर आधी तिचं तपासलं असतं — तिला जाऊन सहा वर्षं झाली.

आणि कळून काय करायचं हो? औषध आहे त्यावर? नाही ना. आयुष्यभर पाट्या रंगवल्या मी, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. अक्षर चुकलं की खरवडायचं, पुन्हा लिहायचं. हे कसं खरवडू? जणू मीच लिहून ठेवलंय पोरीच्या अंगात, या डाव्या हातानं —

काय बघताय? हो. डाव्याच. डावखुरा आहे मी. म्हणून तर सुया उजव्या हातात, कामाचा हात मोकळा ठेवतात. हसा की. — हसत नाही तुम्ही. ठाऊक होतं? पोरीनंच सांगितलं? आणि तरी तीन बुधवार माझं ऐकून घेतलंत.

आणा तो कागद. पुठ्ठा घट्ट धरा. रेघ अजून सरळ येते, बघा. निकाल आला की तिला सांगा, मला नको. तोवर या खुर्चीत दुसरं कुणी असलं, तर त्याला माझ्याबद्दल काही विचारू नका.

ती दारात आलीय का? मग जा आता. मला झोप लागलीय म्हणून सांगा.