मायचा गुडाखू

आमच्या मायले समजावण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, बाप्पा! सांधेवातानं तिचे गुडघे सुजत अन् हिरड्यांतूनही रक्त ये. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांध्यांसाठी सुई सुरू केली, तर गुडघ्यांची सूज उतरली अन् रक्तही थांबलं.

डॉक्टर म्हणाले, "प्रतिकारशक्ती तुमच्याच अंगावर उलटली होती. सुईनं तिला आवरलं, म्हणून हिरड्याही शांत झाल्या. पण तो तंबाखूचा गुडाखू दाताला घासणं सोडा."

माय घरी येऊन शेजारणीले सांगते, "गुडघे सुईनं बरे झाले, अन् हिरड्या गुडाखूनं!" अन् तिच्याही बोटावर गुडाखू ठेवते.

मग मले न सांगता तिनं सुईच बंद केली. "आता चालता येते ना, सुई कायले?"

काही दिवसांत गुडघे पुन्हा सुजले, थुंकीत रक्त दिसलं. मी डोक्याले हात लावला. "आता तरी समजलं का, माय?"

"समजलं. गाडी काढ."

मले वाटलं, चाललो दवाखान्यात. तिनं गाडी थांबवली किराणा दुकानापुढे, अन् दुकानदारावर ओरडली, "काहून रे, नकली गुडाखू विकून राहिला का?"