चष्म्याचा परिच्छेद

(रविवारची सकाळ. जेवणाच्या टेबलावर नवरा कागद घेऊन वाचतो आहे. शेजारी बायको दुपारच्या प्रयोगाच्या कपड्यांना इस्त्री करते आहे.)

समीक्षक : …आणि हे ऐक. ‘मध्यंतरापर्यंत सामना बरोबरीत सुटेल असं वाटत होतं.’ सामना! नाटकाला सामना म्हणतो हा माणूस.

बायको : मग? दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, एक जिंकणार, एक हरणार. सामनाच की. वाचा पुढे.

समीक्षक : तुला हसू येतंय. उद्या हे माझ्या पानावर छापून येणार आहे. लोक म्हणतील, म्हाताऱ्याची नजर गेली, आता तो काहीही छापतो.

बायको : त्याला पाठवलंत तुम्हीच.

समीक्षक : मग कुणाला पाठवणार होतो? माझ्या हाताखालचा मुलगा तापाने घरी पडलाय. मी स्वतः तुझ्या नाटकावर लिहीत नाही. लग्न झाल्यापासून एक ओळ लिहिलेली नाही—

बायको : तुमचं तत्त्व. पाठ आहे मला.

समीक्षक : —मग उरला कोण, तर खेळाच्या पानावरचा हा. म्हणाला, ‘साहेब, शनिवारी मॅच नाही, मी जाऊन येतो.’ जसं काही दूधच आणायला जातोय.

बायको : जाऊन आला ना? मग झालं. दर आठवड्याला तुम्ही पान वाचून दाखवता आणि मी ऐकते. गायकाचा दुसरा षड्ज कसा डळमळला, प्रेक्षक नेमके कुठे खोकले, सगळं ऐकते. आज पहिल्यांदा माझ्याबद्दल आहे, तर तुम्ही दर ओळीला अडखळताय.

समीक्षक : अडखळत नाहीये. भाषा सुधारतोय मनातल्या मनात. हं, हे मात्र बरं लिहिलंय. ‘नायकाचा आवाज दमदार, पण पाय जड. शेवटच्या प्रवेशात तो धावत येतो तेव्हा आपल्यालाच धाप लागते.’

बायको : हे दोनदा वाचलंत तुम्ही.

समीक्षक : एकदाच वाचलं.

बायको : आधी मनात वाचलंत. ओठ हलले.

समीक्षक : पाय जड आहेतच त्याचे. ते मी म्हटलं तर मत्सर, याने म्हटलं तर परीक्षण. असो. ‘दुसऱ्या अंकात नाटक खऱ्या अर्थाने उभं राहतं.’ … ‘नेपथ्य साधं आहे. प्रकाश नेटका…’

बायको : थांबा.

समीक्षक : काय झालं?

बायको : मधलं गाळलंत.

समीक्षक : काही गाळलं नाही.

बायको : श्वास घेतलात हा एवढा, आणि वाक्य आलं तीन शब्दांचं. एवढा श्वास लांबलचक परिच्छेदापुढे घेतात. समोरचा नट वाक्यं गिळतो ना, तेव्हा अस्संच होतं. आधी छाती भरते, मग नजर खाली पळते. इतकी वर्षं स्टेजवर मी काय झोपा काढल्या?

समीक्षक : घरात नटी असली की हे असं.

बायको : घरात समीक्षक असला की कसं, ते मी कुणाला सांगत नाही. वाचा.

समीक्षक : तो परिच्छेद जाणार आहे. जागा नाही. जे छापायचंच नाही ते वाचून काय करायचं?

बायको : पान काल तुम्हीच दाखवलंत मला. मधोमध माझा फोटो आहे, उशीएवढा. तो थोडा लहान करा, जागाच जागा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? वाचा म्हणते ना.

समीक्षक : वाचतो. ‘बारा वर्षांनी नवरा परत येतो, दारात तिचा हात धरतो. तो माफी मागणार हे आपल्याला कळतं, तिलाही कळतं. त्याने तोंड उघडायच्या आत ती मोकळ्या हाताने चष्मा काढते आणि टेबलावर ठेवते. बस्स, एवढंच. कुणी टाळी वाजवत नाही. पण तिथून पुढे ती त्याला बघू शकत नाही, फक्त ऐकू शकते. चेहरा दिसला असता तर ती विरघळली असती, आणि तिला विरघळायचं नाही. तो रडतो, गुडघ्यांवर येतो. ती एका अंधूक माणसाला शांतपणे नाही म्हणते. तो गेल्यावर चष्मा घालते आणि रिकाम्या दाराकडे बघते. खेळ बघायला शिकलो तेव्हा मला कुणीतरी सांगितलं होतं, चेंडू ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे बघ.’ संपला.

बायको : (इस्त्री उभी करून ठेवते.)

समीक्षक : बोल की काहीतरी.

बायको : पुन्हा वाचा.

समीक्षक : नाही.

बायको : मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकालासुद्धा नाही. तालमीत एक दिवस आपोआप झालं, त्याने हटकलं नाही, मग मी ठेवलं.

समीक्षक : म्हणजे ते मुद्दाम होतं?

बायको : तुम्हाला काय वाटलं?

समीक्षक : मला… पहिल्या प्रयोगानंतर मी काहीतरी बोललो होतो ना त्यावर.

बायको : ‘चष्म्याशी चाळा करू नकोस, हात मोकळे ठेव.’ याच खुर्चीत बसून म्हणालात.

समीक्षक : आणि तू गप्प बसलीस!

बायको : मग काय करायचं? नवऱ्याला आपलाच अभिनय समजावून सांगायचा? तो समजला तर दिसतो, नाही तर नाही.

समीक्षक : तुला खरं सांगू? जागाबिगा काही नाही. रात्री हे वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला माझा. भाषा अशी, वाक्यं फुटबॉलच्या मैदानावरची, सगळ्याला हसत होतो. आणि हा परिच्छेद आला. तीनदा वाचला. एक शब्द बदलता येईना. या माणसाला तू दिसलीस, आणि मला नाही. जळलो मी. अजून जळतोय.

बायको : तुम्ही तर तीन प्रयोग पाहिलेत.

समीक्षक : तीन. डोळ्यांत तेल घालून.

बायको : तेच विचारते. एवढं तेल घालून काय पाहत होतात?

समीक्षक : राहू दे ना.

बायको : कुणाला पाहत होतात?

समीक्षक : त्याला.

बायको : कुणाला त्याला?

समीक्षक : तुझ्या नायकाला! दारात तो तुझा हात धरतो तेव्हा. पहिल्या प्रयोगात त्याने मनगट धरलं. ठीक आहे, नाटक आहे. दुसऱ्या प्रयोगात पंजा. तिसऱ्यात बोटांत बोटं गुंतवली. संहितेत लिहिलंय का बोटं गुंतवायला? दाखव मला कुठे लिहिलंय.

बायको : अगं बाई गं!

समीक्षक : हसू नकोस.

बायको : अहो, त्याचा तळवा म्हणजे न पिळलेलं फडकं. बोटं गुंतवतो कारण नाहीतर हात निसटतो. मी मनात आकडे मोजत असते, कधी एकदाचा सोडतोय म्हणून.

समीक्षक : मग हे मला सांगायचं नाही?

बायको : सांगितलं असतं तर म्हणाला असतात, हिला त्याचे तळवे बरे माहीत.

समीक्षक : म्हणालो असतो. म्हणजे बघ, मी त्या हातावर डोळा ठेवून बसलो, आणि दुसऱ्या हातात सगळं नाटक चाललं होतं. लोकांना शिकवतो मी, नाटक कसं बघावं! … कुठून सुचलं तुला ते चष्म्याचं?

बायको : सुचायचंय कशाला? घरातलंच आहे.

समीक्षक : घरातलं?

बायको : आपलं वाजलं की मी काय करते?

समीक्षक : आत जाऊन भांडी आपटतेस.

बायको : त्याच्या आधी.

समीक्षक : त्याच्या आधी… मी माफी मागतो.

बायको : आणि माफी मागताना तुमचा चेहरा इतका बिचारा होतो, की माझा मुद्दा काय होता तेच मला आठवेनासं होतं. सुरुवातीची काही वर्षं मी सगळी भांडणं त्या चेहऱ्यापायी हरले. मग एक दिवस चष्मा काढून ठेवला. तेव्हापासून निदान निम्मी तरी जिंकते.

समीक्षक : इतकी वर्षं?

बायको : इतकी वर्षं.

समीक्षक : माझ्यासमोर?

बायको : तुमच्यासमोरच. दुसऱ्या कुणाशी भांडायला वेळ कुठे होता?

समीक्षक : थांब. आत्ता तुझा चष्मा कुठाय?

बायको : इस्त्रीच्या बाजूला. तुम्ही परिच्छेद गाळलात तेव्हा काढला.

समीक्षक : घाल.

बायको : जरा वेळाने. अजून तुमचं बोलणं संपलेलं नाही.

समीक्षक : संपलं. ठरलं. परिच्छेद राहणार, एका शब्दालाही हात न लावता. फोटो लहान करतो. पाहिजे तर माझं सदर निम्मं करतो. गेल्या आठवड्याची ती मैफल नाहीतरी रटाळच होती, तिच्यावर एवढं लिहायची गरज नाही.

बायको : नको. कापा तो.

समीक्षक : काय?

बायको : परिच्छेद कापा.

समीक्षक : अगं, मघापासून वाचा वाचा म्हणून माझ्या मानगुटीवर कोण बसलं होतं?

बायको : ऐकायचा होता. छापायचा कुठे म्हटलं मी?

समीक्षक : हे बघ, इतकं चांगलं लिहिलेलं माझ्या पानावर आजवर आलेलं नाही.

बायको : तुमचं धरून?

समीक्षक : …माझं धरून. बोलायला जड जातंय, पण माझं धरून. आणि ते तुझ्याबद्दल आहे. तुझ्या आयुष्यात असं कुणी लिहिलं नाही. मी तर लिहूच शकत नव्हतो.

बायको : म्हणून तर पुन्हा वाचा म्हटलं. मला रडू येत होतं, तुम्हाला दिसलं नाही. पण उद्या हे छापून आलं की काय होईल सांगा. पहिल्या रांगेतली बाई शेजारणीला कोपराने ढोसणार, ‘बघ हं, आता काढते.’ सगळं नाट्यगृह चष्म्याची वाट बघणार. आणि मीही. मग मी चष्मा काढणार नाही, काढून दाखवणार. त्यात फरक आहे, तो तरी तुम्हाला कळतो ना?

समीक्षक : कळतो.

बायको : त्या प्रवेशात मला एवढाच एक आधार आहे. तो गेला तर मी त्या दारात नुसती पाठ केलेलं बोलत उभी राहीन. दुसरं काही नाही माझ्याकडे.

समीक्षक : शोधलंस तर सापडेल.

बायको : हे सापडायला लग्न करावं लागलं. आता दुसरं कुठून शोधू?

समीक्षक : पण त्याला काय सांगू? लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय परिच्छेद कापायचा नाही, हा नियम माझाच आहे. आणि खरं सांगावं, तर त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, की वहिनी तो चष्मा मुद्दाम काढतात आणि ते कुणाला कळू द्यायचं नाहीये. मग छापलं काय, न छापलं काय.

बायको : ते तुम्ही बघा. पण लावा फोन. आवाज मोठा ठेवा, मलाही ऐकू दे.

समीक्षक : लावतो. … हॅलो. मी बोलतोय.

खेळवाला : बोला साहेब! काय, निकाल काय लागला?

समीक्षक : तुझा एक परिच्छेद काढतोय.

खेळवाला : तो सामन्याचा ना? मला वाटलंच होतं तुम्हाला रुचणार नाही. काढा, काढा.

समीक्षक : तो ठेवलाय. चष्म्याचा काढतोय.

खेळवाला : चष्म्याचा? … अहो साहेब, तोच तर आहे. बाकीचं मी नुसतं त्याच्या मागेपुढे लावलंय. जागा नाही का? माझं नाव काढा, फोटो लहान करा.

समीक्षक : जागा आहे.

खेळवाला : मग माझं चुकलं का काही? वहिनींचा चष्मा सहज निघाला असेल, आणि मी उगाच पुराण लावलं असेल, तर सांगा. मला नाटकातलं काय कळतं!

बायको : (अगदी हळू) हो म्हणा. चुकलं म्हणा.

समीक्षक : नाही. तुझं चुकलेलं नाही.

खेळवाला : मग?

समीक्षक : मी तीनदा बघितलं नाटक. मला दिसलं नाही. तू एकदा गेलास, मॅच नव्हती म्हणून गेलास, आणि तुला दिसलं. तेही माझ्या बायकोचं. पोटात दुखलं माझ्या. उद्या सकाळी ते माझ्याच पानावर मला बघवणार नाही. म्हणून काढतोय.

खेळवाला : … साहेब, असं तोंडावर कुणी सांगत नाही हो.

समीक्षक : मी सांगतोय.

खेळवाला : आता मी चिडायला पाहिजे.

समीक्षक : चीड. हक्क आहे तुझा.

खेळवाला : चिडतो. दुपारी जेवून चिडतो. पण वहिनींना सांगा… नाही, राहू दे. तुम्ही नाही सांगायचात.

समीक्षक : सांगेन. काय सांगू?

खेळवाला : चांगलं होतं म्हणावं. ठेवतो.

बायको : ठेवला?

समीक्षक : ठेवला. उद्या ऑफिसात मला बघून सगळे बोलायचे थांबतील. म्हातारा बायकोवरून जळतो म्हणून.

बायको : चुकलं म्हणायचंत ना त्याचं. सोपं होतं. तुमचंही नाक राहिलं असतं.

समीक्षक : त्याने बरोबर बघितलं गं. त्याला चुकलं म्हणवेना माझ्याने.

बायको : आणि माझ्यासाठी हे एवढं खोटं बोललात?

समीक्षक : त्यात खोटं काय होतं?