‘नाही’ची चौकट

(तैवानच्या पेंगहू द्वीपसमूहातल्या एका लहान बेटावरचं घर. डिसेंबरची दुपार. बाहेर उत्तरेचा वारा घोंगावतोय. आतल्या खोलीत आई पडून आहे. बाहेर बोटवाला सुईलाय आणि कचेरीतून कागद घेऊन आलेले साहेब, बुनहिएन.)

सुईलाय : सही कुठं ठोकायची तेवढं सांगा साहेब, आणि निघा. तीनला सामानाची बोट सुटते. चुकली तर पुढची पंधरा दिवसांनी; मधे फक्त माझी शुक्रवारची फेरी. तोवर माझ्याकडे वाळवलेलं माकूल चावत बसावं लागेल.

बुनहिएन : आधी नीट वाचून घे.

सुईलाय : वाचायचं काय त्यात? बोटीचा ठेका रद्द, ठेकेदार अपात्र. एवढं कळतं मला.

बुनहिएन : अपात्र एका वर्षापुरता. तैपेईहून अनुदान थांबवलंय. त्यामुळे शुक्रवारची फेरी शेवटची.

सुईलाय : आणि सोमवारी पाच म्हातारी माणसं मोठ्या बेटावर डायलिसिसला कशी जाणार? पोहत?

बुनहिएन : नव्या ठेकेदारासाठी निविदा काढतोय आम्ही.

सुईलाय : काढा की! आधी दोनदा काढलीत, चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्यांदा मी आलो. या ठेक्याच्या भरवशावर ती मोठी बोट भाड्यानं आणली. शनिवारी मालक घेऊन जाणार ती. मग माझी होडी उरली. या वाऱ्यात होडीतून नेऊ त्यांना? मागल्या हिवाळ्यात आईला एकदा नेलं होतं. निम्म्या वाटेत पाणी आत आलं. मी उपसतोय आणि ती मला धीर देतेय, म्हणे घाबरू नकोस.

बुनहिएन : मला माहीत नव्हतं.

सुईलाय : तुम्हाला कोण सांगणार? बरं, माझं चुकलं काय ते तरी सांगा. भाव चढा लावला? बोटीत खोट होती?

बुनहिएन : नाही. भाव रास्त होता. बोटीची तपासणी झाली होती. सगळे कागद चोख होते, एक सोडून.

सुईलाय : कुठला?

बुनहिएन : नात्याचा फॉर्म. ‘कचेरीतल्या कोणा अधिकाऱ्याशी आपलं नातं आहे काय?’ तू ‘नाही’च्या चौकटीत खूण केलीस. तैपेईवाल्यांनी कुटुंबनोंदणीचा उतारा काढला. त्यात आपण सख्खे भाऊ.

सुईलाय : मग मी खोटं काय लिहिलं? थांबा, दाखवतो. हे बघा. वाचा मोठ्यानं, तुम्ही शिकलेले आहात.

बुनहिएन : हे कात्रण अजून ठेवलंयस तू?

सुईलाय : वाचा.

बुनहिएन : ‘माझा धाकटा मुलगा ओउ सुईलाय याच्याशी आजपासून आमचं कसलंही नातं राहिलेलं नाही. त्याच्या बऱ्यावाईटाशी आमच्या घराचा संबंध नाही.’

सुईलाय : पेपरात छापलेलं आहे. खाली बाबांचं नाव आहे. मग मी ‘आहे’वर खूण कशी करू?

बुनहिएन : अरे, असं पेपरात छापून नातं तुटत नसतं. लोक छापतात, पण कायद्यात त्याला काडीची किंमत नाही.

सुईलाय : हे सव्वीस वर्षांनी सांगतोस? बाबा गेले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, गावातल्या चार माणसांसारखा. अंगावर सुतकाचं तागाचं कापड घेतलं नाही. म्हटलं, आपल्याला हक्क नाही. तेव्हा तू माझ्यासमोरून गेलास. तेव्हा का नाही सांगितलंस?

बुनहिएन : (कात्रणाची घडी घालत) हे ठेव आधी.

सुईलाय : बरं, मी अडाणी. होडी हाकणारा माणूस. पण खरेदी विभागाचे साहेब तुम्हीच ना? माझा फॉर्म तुमच्याच टेबलावर आला असेल.

बुनहिएन : आला.

सुईलाय : मग? मी ‘आहे’ लिहिलं असतं तर ठेका गेलाच असता, असं म्हणा. म्हणजे माझ्या जिवाला जरा बरं वाटेल.

बुनहिएन : गेला नसता.

सुईलाय : काय?

बुनहिएन : भाऊ असला तरी चालतो, सुईलाय. निविदा उघड होती. आधी नातं सांगायचं, मी त्या कामातून बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं सह्या करायच्या. बस्स. नातं असणं हा गुन्हा नाही. लपवणं हा आहे.

सुईलाय : एवढंच? एका खुणेचं काम होतं?

बुनहिएन : एका खुणेचं.

सुईलाय : मग मला बोलवायचं होतंस! शिपायाकडून निरोप धाडायचा होतास. म्हणायचं होतंस, मूर्खा, चुकीच्या चौकटीत लिहिलंयस.

बुनहिएन : तू नुसती खूण केली नव्हतीस. दोनदा गिरवली होतीस. कागद फाटायचा बाकी होता. मी बघत राहिलो. वाटलं, हा इतकं ठासून नाही म्हणतोय, तर मीच कशाला लाचार होऊन भाऊ म्हणू? खाली मीही लिहिलं, ‘पडताळलं, नातं नाही.’ आणि शिक्का मारला.

सुईलाय : रागानं?

बुनहिएन : रागानं. आणि फार वाईट वाटलं म्हणून.

सुईलाय : वाईट तुला वाटलं! मग हेही सांग. बाबांना लिहिता येत होतं?

बुनहिएन : ते कशाला आता?

सुईलाय : येत होतं का?

बुनहिएन : नाही.

सुईलाय : मग ही नोटीस लिहिली कोणी?

बुनहिएन : मी. तुझ्या होडीत पलीकडच्या चीनच्या किनाऱ्यावरच्या चोरट्या सिगारेटी सापडल्या, त्याच महिन्यात माझी नेमणूक व्हायची होती. घरच्यांची चौकशी करायला माणूस येणार होता. बाबा म्हणाले, दोघांपैकी एक तरी मार्गाला लागू दे. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

सुईलाय : मला ठाऊक होतं. ‘बऱ्यावाईटाशी’ असलं बाबा उभ्या जन्मात बोलले नसते. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. बरं, ती नोकरी तरी टिकली का?

बुनहिएन : (खोकत) माझ्यावर चौकशी बसलीय. टिकेलसं वाटत नाही.

सुईलाय : म्हणजे फुकटच गेलं सगळं. दे तो कागद, करतो सही.

आई : (आतून) सुईलाय, कोण आलंय रे?

सुईलाय : कचेरीतले साहेब आहेत, आई.

आई : मला काय बुनहिएनचा खोकला ओळखू येत नाही? आत ये म्हणावं त्याला.

बुनहिएन : आलो, आई. कशी आहेस?

आई : सगळं ऐकलंय मी, भिंती काही जाड नाहीत. सोमवारपासून बोट नाही ना?

बुनहिएन : नाही. पण मी सोय केलीय. मोठ्या बेटावर दवाखान्याला लागूनच वृद्धाश्रम आहे, तिथं पाचही जणांना जागा मिळतेय. बाकी चौघं तयार झाले. तुझी संमती तेवढी हवी. हा फॉर्म आहे.

आई : किती दिवस राहायचं तिथं?

बुनहिएन : आता... तिथंच, आई.

आई : म्हणजे तिथंच मरायचं. आणि बाहेर मेलेल्याला घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर मांडव घालून ठेवतात. तुमच्या बाबांना मी आत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर निजवलं होतं. मलाही तिथंच निजायचंय.

सुईलाय : आई, डायलिसिसच्या सुया चुकल्या तर किती दिवस निघतील, माहितेय ना तुला?

आई : डॉक्टरांनी सांगितलंय. दहा, फार तर बारा.

बुनहिएन : आई, असं नको गं करूस. माझ्या घरी चल. नाहीतर मी दुसरी बोट बघतो, कुणाच्या तरी पाया पडतो—

आई : मागल्या वर्षी राहिले की तुझ्या घरी वीस दिवस. रोज धक्क्यावर जाऊन या बेटाकडे बघत बसायचे. पुरे आता. त्या कागदावर काय विचारलंय?

बुनहिएन : जायला तयार आहात का? ‘हो’ किंवा ‘नाही’. दोन चौकटी आहेत.

आई : मला लिहिता येत नाही. ‘नाही’वर खूण तुम्हीच करा. तुम्हा दोघांचा हात बसलाय त्यावर.